रिपोर्टवरची रेंज कुणाची?



चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या घरी रक्ततपासणीच्या रिपोर्टांची एक फाइल असते. तिच्यातला कुठलाही कागद काढा. डावीकडे तपासणीचे नाव, पुढे आपला आकडा आणि त्याच्या पलीकडे आणखी दोन आकडे. अल्ब्युमिन ३.५ ते ५.२. एकूण प्रथिने ६.४ ते ८.३. आपला आकडा या दोहोंच्या मधे पडला की कागद फाइलीत जातो. बाहेर पडला की तो ठळक छापलेला असतो, शेजारी बाण असतो आणि घरात फोनाफोनी सुरू होते. माझे कामाचे सगळे आयुष्य वैद्यकीय प्रयोगशाळेत गेले. स्वतःच्या आकड्याबद्दल विचारणारी माणसे मला रोज भेटत. पलीकडचे दोन आकडे कुठून आले, असे विचारणारे क्वचित. आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. औषध सुरू करायचे की नाही, शस्त्रक्रिया पुढे ढकलायची की नाही, देशातल्या निम्म्याहून अधिक बायकांना आजारी म्हणायचे की नाही, हे पुष्कळदा त्या दोन आकड्यांवर ठरते.

ते तयार कसे होतात हे आधी सांगते. निरोगी माणसांचा एक गट निवडायचा. सगळ्यांचे रक्त सारख्याच पद्धतीने घ्यायचे आणि तपासायचे. आलेले आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडायचे. मधल्या ९५ टक्क्यांची दोन टोके म्हणजे रेंज. या रीतीतच असे आहे की ठणठणीत माणसांपैकीही विसातला एक जण बाहेर पडतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. आरोग्यतपासणीच्या पॅकेजमध्ये आता साठ-सत्तर तपासण्या सहज असतात. पॅकेज घेणाऱ्याला हे गणित आधी समजावून सांगायला हवे. बाण दिसला म्हणून घाबरून पुढच्या महागड्या तपासण्यांकडे धावणारी माणसे मी फार पाहिली आहेत.

आता रक्तातली प्रथिने घेऊ. अल्ब्युमिन यकृतात तयार होते; रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणे आणि औषधांपासून हार्मोनपर्यंत नाना गोष्टी वाहून नेणे हे त्याचे काम. बाकीची बरीचशी ग्लोब्युलिन. १९३७ मध्ये स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी विजेच्या क्षेत्रात या प्रथिनांना वेगवेगळ्या वेगाने पळायला लावून त्यांचे अल्फा, बीटा आणि गॅमा असे गट पाडले. त्यांना १९४८ चे नोबेल मिळाले. रोगांशी लढणारी प्रतिपिंडे मुख्यतः गॅमा गटात येतात. तांबड्या पेशींच्या आत असलेले हिमोग्लोबिन हेही प्रथिनच, आणि आपल्या देशात सर्वांत जास्त वाद त्याच्याच रेघेवर झाला आहे. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

ही प्रथिने वयाबरोबर किती बदलतात हे पाहिले की एकच रेंज सगळ्यांना लावणे किती चूक आहे ते कळते. नवजात बाळाच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन इतके असते की तोच आकडा प्रौढ पुरुषात दिसला तर डॉक्टर यकृताचा कर्करोग शोधू लागतील. आयजीजी ही प्रतिपिंडे आई वारेतून बाळाला देते, म्हणून जन्मताना ती भरपूर असतात. मग आईची शिदोरी संपत जाते, बाळाची स्वतःची अजून पुरेशी तयार झालेली नसतात, आणि तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास आयजीजी अगदी तळाला जाते. त्या बाळाला प्रौढांची रेंज लावली तर गावातले प्रत्येक बाळ रोगप्रतिकारशक्ती नसलेले ठरेल. आयजीएमचे उलट. ती वार ओलांडत नाही. त्यामुळे जन्मलेल्या बाळात तिचे प्रमाण प्रौढांइतके असेल तर गर्भातच संसर्ग झाला असावा अशी शंका येते. प्रौढात जो आकडा बिनधोक, तोच नाळेच्या रक्तात धोक्याचा. आयजीए तर जन्मताना जवळपास नसतेच आणि मोठ्यांच्या पातळीला पोचायला पौगंडावस्था उजाडते.

हिमोग्लोबिनही असेच वरखाली होते. नवजात बाळात ते १०० मिलिलिटर रक्तात १७ ग्रॅमच्या आसपास असते, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात १०-११ पर्यंत उतरते आणि पुन्हा हळूहळू चढते. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी जवळजवळ सारखी चालतात. मग मुलग्यांत टेस्टोस्टेरॉन वाढते, त्यांचे हिमोग्लोबिन वर जाते आणि मुलींचे तिथेच राहते. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतो. त्या पातळपणामुळे अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन दोन्ही उतरतात. त्याच वेळी ट्रान्सफेरिन, सेरुलोप्लाझ्मिन, फायब्रिनोजेन ही प्रथिने वाढतात. सातव्या महिन्यातल्या बाईचा अल्ब्युमिन ३ आला तर ते बहुधा तिच्या अवस्थेला शोभणारेच असते, पण गरोदर नसलेल्या बाईची रेंज छापलेल्या रिपोर्टवर तिथे बाण येतो. असा बाण पाहून सासूबाईंनी सुनेच्या खाण्यावरून घर डोक्यावर घेतल्याचे मी ऐकले आहे. म्हातारपणी अल्ब्युमिन थोडा उतरतो. मात्र उतार वयामुळे किती आणि वयाबरोबर आलेल्या आजारांमुळे किती, हे वेगळे काढणे अवघड असते, कारण पंच्याहत्तरीतला पूर्ण निरोगी माणूस शोधून काढावा लागतो.

माणूस कसा आहे याशिवाय रक्त कसे घेतले यानेही आकडा हलतो. आडवा पडलेला माणूस उभा राहिला की थोड्या वेळात रक्तातले पाणी पायांच्या ऊतींत झिरपते आणि प्रथिने दाट होतात. खाटेवरच्या रुग्णाचा अल्ब्युमिन आणि चालत आलेल्या माणसाचा अल्ब्युमिन यांत एवढ्यानेच पाच-दहा टक्क्यांचा फरक पडतो. दंडावरचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी तेच. तपासण्याची रीतही एक नाही. अल्ब्युमिन मोजायला ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल असे दोन रंग वापरतात. हिरवा रंग थोडा ग्लोब्युलिनलाही चिकटतो आणि आकडा जास्त दाखवतो. एकाच बाटलीतले रक्त, दोन लॅब, दोन आकडे, आणि दोन्ही लॅबनी काम चोख केलेले. हा घोळ निस्तरण्यासाठी १९९०च्या दशकात युरोपात सीआरएम ४७० नावाचे प्रमाणित रक्तद्रव्य तयार झाले. त्यात एकेका प्रथिनाचे प्रमाण पक्के ठरवलेले होते आणि जगभरच्या यंत्रांनी आपली मापे त्याच्याशी जुळवायची होती. अमेरिकेत मेन राज्यात रॉबर्ट रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मापावर हजारो लोकांची प्रथिने वय आणि लिंग यांनुसार मांडली, आणि प्रत्येकाचा आकडा त्याच्या वयाच्या आणि लिंगाच्या मध्यकाच्या किती पट आहे हे सांगायची रीत घातली. काम अतिशय देखणे. पण त्यातली माणसे उत्तर न्यू इंग्लंडमधली गोरी माणसे होती.

गट कसा निवडायचा याची शिस्त फिनलंडमधून आली. राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस यांनी १९६९ च्या सुमारास आग्रह धरला की दोन आकडे देताना ते कुणाचे आहेत, रक्त केव्हा आणि कसे घेतले, कुणाला वगळले, हे सगळे सांगितलेच पाहिजे. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनांनी नियम केले. प्रत्येक गटात निदान १२० माणसे हवीत. आता हिशेब करा. स्त्री-पुरुष वेगळे, वयाचे सहा टप्पे, म्हणजे १२ गट आणि १,४४० निरोगी माणसे. गरोदर बायकांच्या तीन तिमाह्या धरल्या तर आणखी ३६०. एवढी माणसे गोळा करणे कुठल्याही एका लॅबच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून बहुतेक लॅब किटच्या डब्यात आलेल्या माहितीपत्रकातली रेंज उतरवून घेतात.

आपल्याकडे कुणी स्वतःची रेंज काढलीच नाही असे मात्र नाही. परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या निरोगी स्त्री-पुरुषांचे हिमोग्लोबिन आणि तांबड्या पेशी मोजून ठेवल्या. संगणक नाही, यंत्रे हाताने चालवायची, आणि तरीही मुंबईच्या माणसाला मुंबईच्या माणसाशीच ताडून पाहायचे हा विचार त्यांनी केला. अलीकडचे मोठे काम माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले. जपानचे कियोशी इचिहारा यांच्या पुढाकाराने १२ देशांतल्या १३ हजारांहून अधिक निरोगी प्रौढांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात भारतातर्फे हिंदुजातल्या संशोधकांनी भाग घेतला आणि निरोगी भारतीयांसाठी ३३ तपासण्यांच्या रेंज २०१८ मध्ये प्रसिद्ध केल्या. या जागतिक अभ्यासातून दिसले की काही तपासण्यांत देशादेशांत फरक जवळपास नसतो आणि काहींत तो मोठा असतो. परकी रेंज सरसकट फेकून द्यायची नाही आणि सरसकट घ्यायचीही नाही, एकेक तपासून ठरवायची, हा याचा व्यवहारातला अर्थ.

जयपुरात हे पटवायला मला दूर जायला नको. हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांकडे उलुगबेगच्या समरकंदी ग्रहताऱ्यांच्या सारण्या होत्या, युरोपातून आणवलेल्या सारण्या होत्या. त्यांनी त्या आदराने घेतल्या आणि मग आपल्या आकाशाशी ताडल्या. जुळेनात तिथे दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी इथे वेधशाळा बांधून स्वतः मोजमाप केले. त्यांच्या दरबारातले जगन्नाथ सम्राट हे दक्षिणेतून आलेले, आपले मराठी पंडित. टॉलेमीचा ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. जंतरमंतर या इथल्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची सावली आजही जयपूरची वेळ दाखवते, आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी सुमारे २७ मिनिटे मागे असते. दोन्ही वेळा खऱ्या आहेत, फक्त कुठली कशाशी जोडायची याचा हिशेब ठाऊक हवा. रक्ताच्या रेंजचे नेमके हेच आहे.

पण इथे एक खोल खड्डा आहे. आपल्या माणसांची रेंज काढा असे म्हणणे सोपे. आपली माणसेच मोठ्या संख्येने एखाद्या गोष्टीत उणी असतील तर? पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांचे बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. हे प्रथिन नाही, हे मला माहीत आहे, पण उदाहरण इतके स्वच्छ आहे की टाळवत नाही. या पुरुषांची मधली ९५ टक्के घेऊन रेंज छापली असती तर बी-१२ची कमतरता कागदावरून नाहीशी झाली असती आणि नसांमधली झिणझिणी तशीच राहिली असती. राजस्थानात जवळपास तीन-चतुर्थांश लोक शाकाहारी आहेत. इथे हा खड्डा आणखी खोल असायची शक्यता आहे.

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. १९५१ ते १९७१ ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते, नंतर पुण्याला आले. त्यांचे म्हणणे असे, की माणसागणिक आणि एकाच माणसात दिवसागणिक अन्नाची गरज बदलते. म्हणून सरासरी गरजेला रेघ मानून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी म्हणणे संख्याशास्त्राला धरून नाही, रेघ बरीच खाली हवी. भारतात प्रथिनांची वेगळी टंचाई आहे हेही त्यांना मान्य नव्हते. पोटभर जेवण मिळाले तर प्रथिनेही बहुधा पुरतात, असे ते म्हणत. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये दारिद्र्याची मोजणी माणशी २,२५० उष्मांकांच्या आधाराने केली होती. सुखात्म्यांची रेघ त्यांना पटली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सी. गोपालन यांचाही विरोध होता. थोडक्या अन्नावर शरीर जुळवून घेते हे खरे, पण त्याची किंमत ते खुरटलेल्या उंचीत आणि कमी झालेल्या कामाच्या ताकदीत मोजते, असा त्यांचा मुद्दा.

पुष्कळ वर्षे विचार करून मी या निष्कर्षाला आले आहे की सुखात्म्यांचा गणिती आक्षेप बरोबर होता आणि गोपालनांचा वैद्यकीय आक्षेपही. सरासरीची रेघ करता येत नाही, विखुरणे पाहावेच लागते. पण कोणत्या माणसांचे विखुरणे पाहायचे, हे ठरवताना जुळवून घेतलेल्या शरीराला निरोगी म्हणता येत नाही. सगळा प्रश्न गट निवडण्याचा आहे.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत हे अलीकडे फार चांगल्या रीतीने केले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रेघा १९६८ च्या: गरोदर नसलेल्या बाईला १२, पुरुषाला १३, गरोदर बाईला ११. त्या ठरवायला आधाराला असलेले अभ्यास थोडे होते. या रेघांनी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी ठरल्या. तिथे बोटाला टोचून काढलेला थेंब तपासला होता आणि अशा थेंबाचा आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा कमी भरवशाचा असतो, हेही लक्षात ठेवायला हवे. हर्षपालसिंग सचदेव, अनुरा कुर्पड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीतले, शिरेतून घेतलेले मुलांचे रक्त वापरले. लोह, फोलेट, बी-१२ किंवा अ जीवनसत्त्व कमी असलेली, शरीरात दाह असलेली, हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असलेली मुले त्यांनी आधी वगळली. उरलेल्या निरोगी मुलांवरून १ ते १९ वयासाठी वर्षागणिक, मुलगे-मुली वेगळ्या अशा रेघा काढल्या. बहुतेक वयांत त्या जागतिक रेघांपेक्षा १ ते २ ग्रॅमने खाली निघाल्या. त्या लावल्या तर रक्तक्षयी मुलांचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर येते. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा रोग कागदावरच कमी केला अशी टीका झाली. मला ती अन्यायकारक वाटते. उणी माणसे आधी बाहेर काढून रेघ आखली होती. पुण्याच्या बी-१२मधला खड्डा त्यांनी नेमका टाळला होता. २०२४ मध्ये जागतिक संघटनेनेही ६ ते २३ महिन्यांच्या बाळांची रेघ ११ वरून १०.५ वर आणली. त्याच वेळी उंच ठिकाणी रेघ वर सरकवायची दुरुस्ती १,००० ऐवजी ५०० मीटरपासून लागू केली. जयपूर ५०० मीटरच्या खाली आहे आणि पुणे थोडे वर. त्यामुळे जयपूरच्या बाईला १२ची रेघ आणि तिच्या पुण्यातल्या सख्ख्या बहिणीला १२.४ची.

उलट बाजूचे उदाहरण फेरिटिनचे, आणि त्याचा मला खरोखर राग येतो. फेरिटिन हे शरीरातला लोहाचा साठा सांगणारे प्रथिन. अनेक रिपोर्टांवर पुरुषांची खालची रेघ वीस-तीसच्या घरात आणि बायकांची दहा-बाराच्या घरात असते. हा फरक निसर्गाने घातलेला नाही. पाळीतून आणि बाळंतपणातून लोह गमावलेल्या, ते भरून न निघालेल्या बायका निरोगी म्हणून गटात धरल्या गेल्या आणि त्यांची उणीव रेंज होऊन बसली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ स्त्री आणि पुरुष दोघांनाही १५च्या खाली उणीवच मानते. थकलेली, धाप लागणारी बाई फेरिटिन १२ घेऊन येते, रिपोर्टवर बाण नसतो, आणि तिला सांगितले जाते की सगळे नॉर्मल आहे.

जयपूरने काय करावे, हे सांगते. सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून इथे आहे, खासगी लॅबही चांगल्या आहेत. ज्या लॅबला १,४४० माणसे जमणार नाहीत तिला २० निरोगी माणसे तर जमतील. नियम असा की त्यांच्यापैकी दोनपेक्षा जास्त जण घेतलेल्या रेंजबाहेर गेले नाहीत तर ती रेंज इथे चालते. हे काम दोन-तीन सकाळींचे आहे. रिपोर्टच्या तळाशी रेंज कुणाची, कुठल्या रीतीने काढली, हे एका ओळीत छापावे. अल्ब्युमिनसमोर रंगाचे नाव लिहावे. गरोदर बाईचा नमुना घेताना महिना विचारून त्या तिमाहीची रेंज छापावी. मोठ्या रुग्णालयांकडे लाखो जुने निकाल संगणकात पडून आहेत. त्यांच्यातून निरोगी लोकांचा ढीग गणिताने वेगळा काढायच्या रीती आहेत. त्यातली एक सी. जी. भट्टाचार्य या भारतीय संख्याशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये दिली. माशांच्या लांबीवरून त्यांचे वयोगट पाडायला ती आजही वापरतात आणि परदेशी प्रयोगशाळांनी ती रक्तासाठी उचलली. लहान मुलांसाठी ही रीत विशेष कामाची, कारण निरोगी बाळाला केवळ अभ्यासासाठी सुई टोचायला कुठली आई सहज तयार होणार?

रक्तदान शिबिरातले रक्त वापरा, असे मला नेहमी सुचवले जाते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनसाठी ते करू नका. साडेबाराच्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या माणसाला आपल्याकडे रक्तदान करता येत नाही, म्हणजे खालचा भाग आधीच कापलेला असतो. आणि वरचेवर रक्त देणाऱ्यांचे फेरिटिन खाली गेलेले असते. अल्ब्युमिनसाठी आणि प्रतिपिंडांसाठी मात्र तेच दाते उत्तम.

आणि सुरुवात गरोदर बायकांपासून व्हावी असे माझे मत आहे. त्यांचे रक्त तपासणीसाठी तसेही पुन्हा पुन्हा घेतले जाते. त्याच नमुन्यातला उरलेला थोडा भाग, त्यांच्या संमतीने, पुरतो. आणि एकाच बाईचे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतले आकडे हाती आले की तिचा पुढचा आकडा तिच्याच आधीच्या आकड्याशी ताडता येतो. हे फक्त गरोदर बायकांपुरते नाही. निरोगी माणसाचा अल्ब्युमिन स्वतःपुरता फार थोडा हलतो, ४.८ वरून ३.७ वर आलेला माणूस रेंजच्या आतच असतो, आणि तरीही त्याच्यात काहीतरी मोठे बिघडलेले असू शकते. ते फक्त त्याच्या फाइलीतला मागचा कागद सांगतो.